खसखस हिसकावून घेऊ नका

घरशाळा : वाचकांचे प्रश्न

या वेळची बहुतेक पत्रं एकाच विषयावर आलीत. घरीच शिकवणारी ख्रिस्ती कुटुंबं, आणि सायन्सचं काय करायचं हा प्रश्न. पत्रं थोडी छाटलीयेत, नावं नेहमीप्रमाणे काढलीयेत.

प्रश्न : ताई नमस्कार, आम्ही वसईचे, भुईगावच्या बाजूला राहतो. मुलगा ९ वर्षांचा, मुलगी ६ वर्षांची, दोघं गेल्या जूनपासून घरीच शिकतायत. बायबल, मराठी, इंग्लिश, गणित सगळं बरं चाललंय पण सायन्स आलं की गाडी अडते. जाऊबाई तर सारख्या विचारतात, घरात लॅब कुठाय तुमच्या? ऑनलाइन एक सायन्स किट बघून ठेवलंय, महाग आहे, पण घेऊ का?

नका घेऊ. त्या किटमध्ये काय असतं सांगू का, खायचा सोडा आणि व्हिनेगरचा ज्वालामुखी, लिंबाची बॅटरी आणि एक प्लास्टिकचा मायक्रोस्कोप ज्यातून आपल्याच पापणीशिवाय काही दिसत नाही. दोन दिवस धमाल, तिसऱ्या दिवशी खोकं माळ्यावर. आणि त्यात सगळ्यात मोठी गडबड ही की काय होणार ते खोक्यावरच छापलेलं असतं, मग पोरांनी बघायचं काय?

खर्च करायचाच असेल तर एक चांगलं भिंग घ्या, दहापट मोठं दाखवणारं, सोनार डोळ्याला लावतात तसलं. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा असेलच. एक थर्मामीटर, एक पट्टी, एक पांढरा ट्रे आणि दोघांना दोन कोऱ्या वह्या. बस.

आता तुम्ही वसईच्या आहात म्हणजे वाडीत नाहीतर शेजारच्या वाडीत एखादं बावखल, म्हणजे वाडीतलं छोटं तळं, असेलच, बुजवायचं राहिलेलं. तिथलं तांब्याभर पाणी पांढऱ्या ट्रेमध्ये ओता आणि पाच मिनिटं कोणी काही बोलायचं नाही. गाळ खाली बसला की एकेक जण हलायला लागतो. डासाच्या अळ्या तर असतातच, त्या नीट बघा, पाण्याच्या पृष्ठभागाला अगदी समांतर, आडवी पडलेली अळी असेल तर ती अ‍ॅनोफिलीसची, म्हणजे मलेरियावाल्या डासाची, आणि शेपटीकडची नळी वर लावून डोकं खाली करून तिरकी लटकलेली असेल तर ती क्युलेक्सची. हे ओळखायला मायक्रोस्कोप लागत नाही, सहा वर्षांची पोरगी ओळखते. ट्रेला हळूच टिचकी मारा, सगळ्या वळवळत खाली जातात आणि थोड्या वेळाने श्वास घ्यायला परत वर येतात. किती वेळाने येतात? हा झाला पहिला प्रयोग, मोबाईलमधलं स्टॉपवॉच लावा.

नशीब चांगलं असेल तर चतुराचं पिल्लू सापडेल, मातकट रंगाचं, सहा पायांचं, बघितलं तर वाटतं काही कामाचं नाही. त्याला अळ्यांसोबत ट्रेमध्ये राहू द्या. त्याचा खालचा जबडा घडी करून ठेवलेला असतो आणि अळी टप्प्यात आली की तो असा झटक्यात बाहेर येतो की पहिल्यांदा कोणालाच दिसत नाही, फक्त अळी गायब झालेली दिसते. मुलगा विचारेल हे काय झालं, तर सांगू नका, परत बघ म्हणा. माझं या कॉलममधून कायम एकच रडगाणं असतं, की मुलाने बघायच्या आधी आपण उत्तर देऊन टाकतो, मग ते उत्तर पुस्तकातलं असो नाहीतर बायबलमधलं.

वहीत डाव्या पानावर "दिसलं" आणि उजव्या पानावर "वाटलं". चित्र डावीकडे, तारीख आणि जागा डावीकडे. "तिला भूक लागली होती" हे उजवीकडे. एवढी एक शिस्त लावलीत तरी अर्धं सायन्स झालं. ही निसर्गाची वही काही माझी आयडिया नाही हां, शार्लट मेसन म्हणून एक इंग्लिश शिक्षिका होत्या (१८४२ ते १९२३), श्रद्धाळू अँग्लिकन बाई, त्यांच्या शिकवणीतून ती आली आणि आज जगभरातली ख्रिस्ती होमस्कूलवाली घरं ती वापरतात. बाहेर गेल्यावर मोठ्यांनी लेक्चर देऊ नये यावर त्यांचा फार भर होता.

पानं-फुलं दाबून ठेवायलाही सुरुवात करा. रद्दी पेपर, वर जाड पुस्तकांचं वजन, पावसाळ्यात पेपर रोज बदलायचा नाहीतर बुरशी धरते. आणि एकदा पोरांना सांगा की मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात ब्लॅटर हर्बेरियम आहे, एका स्विस जेझुइट (कॅथलिक धर्मगुरूंचा एक संघ) फादरांच्या नावाचं, तिथे अशीच दाबून ठेवलेली झाडं आहेत, आणि त्याच कॉलेजात शिकवणारे फादर सांतापाव पुढे अख्ख्या देशाच्या बोटॅनिकल सर्व्हेचे डायरेक्टर झाले. झगा घालून सह्याद्रीत झाडं गोळा करत फिरणारे फादर, पोरांना हे चित्र आवडतं.

बावखलाच्या काठावर शेवाळ असतं, मोठं माणूस सोबत असल्याशिवाय पाठवू नका. आणि बघून झालं की डासांच्या अळ्या परत पाण्यात नको, कोरड्या मातीवर ओता. जाऊबाईंना मात्र आधी ट्रे दाखवा.

प्रश्न : ताई सलाम. आम्ही अहिल्यानगरचे, चर्चमध्ये मी संडे स्कूल घेतो आणि घरी मुलीला (वय १०) शिकवतो. मोहरीच्या दाण्याचा दाखला (येशूने सांगितलेली बोधकथा) शिकवत होतो, मत्तय १३, "तो सर्व बियांमध्ये लहान आहे". मुलगी उठली, स्वयंपाकघरात गेली आणि खसखशीचा डबा घेऊन आली. दोन्ही दाणे शेजारी ठेवले आणि माझ्याकडे बघत राहिली. तिच्या आईने डबा काढून घेतला, म्हणाली देवाच्या वचनाची परीक्षा घ्यायची नसते. मला काय बोलावं सुचलं नाही.

पत्र वाचून मला तुमची मुलगी एकदम आवडली. डबा परत द्या तिला आधी.

तिने जे केलं ते विज्ञानच आहे, ऐकलं, शंका आली, वस्तू शेजारी ठेवून बघितली. आता तिला अर्ध्यावर सोडू नका, मोजायला लावा. एक दाणा पट्टीवर मोजता येत नाही, म्हणून मोहरीचे दहा दाणे एका ओळीत एकमेकांना चिकटून लावायचे, ओळीची लांबी मिलिमीटरमध्ये मोजायची आणि दहाने भागायचं. मग खसखशीचे दहा. मोहरी साधारण दीड-दोन मिलिमीटर येईल, खसखस एकच्या आसपास किंवा कमी. वजनाला आणखी मजा आहे, काट्यावर एक ग्रॅम मोहरी घ्या आणि मोजा, काही शे दाणे भरतात, म्हणजे एकेक दाणा दोन-तीन मिलिग्रॅमचा. खसखशीचे एका ग्रॅमला दोन हजाराच्या वर जातात, ते मोजायचा हट्ट धरू नका, चिमूटभर मोजून हिशोब करायला सांगा. आणि याहून लहान बघायचं असेल तर आमरीचं, म्हणजे ऑर्किडचं बी, ते बोटाला लागलं तर धूळ वाटते. त्याच्यात पिल्लाला शिदोरीच नसते, जमिनीतल्या नाहीतर सालीवरच्या बुरशीची मदत मिळाली तरच ते रुजतं.

राहिला दाखल्याचा प्रश्न. प्रभू येशू गालीलातल्या शेतकऱ्यांशी बोलत होता, ते लोक शेतात जे बी पेरायचे त्यातलं हे बारकं, आणि यहुदी लोकांच्या बोलण्यात "मोहरीएवढं" हे लहानपणाचं ठरलेलं मापच होतं. आपण राईचा पर्वत म्हणतो तेव्हा कोणी खसखशीचा डबा घेऊन भांडायला येतं का? दाखला बियाण्यांच्या आकाराचा तक्ता द्यायला सांगितलेला नाहीये, एवढ्याशातून केवढं होतं ते सांगायला सांगितलाय. आणि ते "केवढं" तिला घरी बघता येतं, काळी मोहरी चांगल्या जमिनीत माणसाच्या डोक्यावर जाते, पाखरं त्यावर बसतात, दाणे खातात. दहा वर्षांच्या मुलीला हे सगळं कळतं हो, फक्त तिच्याकडून डबा काढून घेतला तर तिला एकच गोष्ट कळते, की बायबल उघडं असताना डोळे मिटायचे असतात. तिच्या आईला राग येऊ नये म्हणून सांगते, वचनाची परीक्षा वगैरे काही झालेली नाही, परीक्षा आपल्या वाचण्याची झाली.

पुढचा धडा मोहरीचाच करा. बाटलीची चार झाकणं, त्यात ओला कापूस, प्रत्येकावर वीस-वीस दाणे. एक खिडकीत, एक बंद कपाटात, एक फ्रिजमध्ये, एकात कापूस कोरडाच. आधी तिने वहीत लिहायचं की कुठले रुजतील आणि का, मगच ठेवायचं, हे आधी लिहिणं सोडू नका. दोन-तीन दिवसात कोंब येतात. कपाटातले रुजतात का? रुजतात, आणि खिडकीतल्यांपेक्षा उंचही होतात, फक्त पिवळे आणि लुळे. बहुतेक पोरं अंधारात रुजणारच नाहीत असं लिहितात, तुमचीने काय लिहिलं ते मला नक्की कळवा. मग खिडकीतलं झाकण अर्ध फिरवून ठेवा, संध्याकाळपर्यंत रोपं परत उजेडाकडे मान वळवतात.

प्रश्न : आम्ही कुडाळजवळ राहतो. कढीपत्त्यावरची मोठी हिरवी अळी लेकाने (वय ८) बरणीत पाळली, रोज पानं दिली, कोष केला तेव्हा घरात पेढे वाटायचेच बाकी होते. फुलपाखरू येईल म्हणून वाट बघतोय तर एक दिवस कोषाला बारीक भोक आणि बरणीत छोट्या छोट्या काळ्या माश्यांसारखं काहीतरी. लेक इतका रडला. रात्री प्रार्थनेला बसला नाही, म्हणाला देवाने असं का बनवलं? मी पापामुळे वगैरे काहीतरी सांगितलं पण मलाच पटलं नाही.

त्या माश्या नसतील, परजीवी गांधीलमाश्यांची बारकी जात असणार. कढीपत्त्यावर आणि लिंबावर लाइम बटरफ्लाय आणि कॉमन मॉरमॉन ही दोन फुलपाखरं अंडी घालतात, आणि ही बारकी गांधीलमाशी त्यांच्या मागावरच असते. अळी कोष करते, कोष अजून मऊ असतो तेव्हा ही गांधीलमाशी त्यात अंडी घालते, आत पिल्लं फुलपाखराचं सगळं खाऊन वाढतात आणि भोक पाडून बाहेर येतात. एका कोषातून डझनांनी निघतात.

आता प्रश्नाकडे. हा प्रश्न तुमच्या लेकाच्या आधी चार्ल्स डार्विनने विचारलाय, जवळजवळ ह्याच प्राण्यावरून. १८६० साली त्याने हार्वर्डचे वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे यांना पत्रात लिहिलं की दयाळू आणि सर्वशक्तिमान देवाने जिवंत अळ्यांना आतून खाणारे हे इक्न्यूमोनिड किडे मुद्दाम बनवले असतील हे मला पटवून घेता येत नाही. आणि गंमत अशी की ग्रे हे पक्के प्रेसबिटेरियन ख्रिस्ती होते आणि अमेरिकेत डार्विनची बाजू मांडणारे सगळ्यात मोठे शास्त्रज्ञही तेच. दोघांचं या बाबतीत जमलं नाही, पत्रव्यवहार मात्र चालू राहिला. म्हणजे तुमच्या स्वयंपाकघरात जो प्रश्न आला तो लहान नाही, त्याला दोन मिनिटांत उत्तर द्यायला जाऊ नका. "पापामुळे" हे उत्तर चूक की बरोबर ते धर्मगुरूंना विचारा, पण आठ वर्षांच्या पोराला ते ऐकून असं वाटायची शक्यता आहे की अळी मेली त्यात आपलं काही चुकलं. "मलाही माहीत नाही, मलाही वाईट वाटलं" हे त्याच्यासोबत बसून म्हणा.

आणि बायबलमधलं ईयोबाचं पुस्तक वाचा, ३८व्या अध्यायापासून पुढे. ईयोब विचारतो माझ्यावर हे का, आणि देव उत्तरात त्याला काय दाखवतो तर प्राणी! सिंह, कावळे, रानबकऱ्या, शहामृग. ३९व्या अध्यायाच्या शेवटी तर गरुडाची पिल्लं रक्त पितात असं सरळ लिहिलंय, काही सोवळं-ओवळं नाही. संडे स्कूलच्या चित्रांमध्ये आपण फक्त गोंडस कोकरं रंगवायला देतो म्हणून पोरांना निसर्ग बघून धक्का बसतो, बायबल वाचून बसला नसता.

रडणं ओसरलं की त्या गांधीलमाश्या भिंगाखाली बघा, टाकून दिल्या नसतील तर. उसाचे शेतकरी ट्रायकोकार्ड लावतात ते ऐकलंय का, कार्डावर पतंगाची हजारो अंडी चिकटवलेली असतात, त्यांच्यात ट्रायकोग्रामा नावाची ह्यांचीच लांबची भावंडं वाढत असतात, कार्ड शेतात लावलं की ती बाहेर येऊन खोडकिडीच्या अंड्यांमध्ये आपली अंडी घालतात आणि फवारणी वाचते. कोणाचा तरी खलनायक आपल्या शेतात कामाला येतो, हे पोराला जमेल तेव्हा कळू दे, सांत्वन म्हणून गळी उतरवायला जाऊ नका.

परत पाळायचं असेल तर मोठी अळी आणू नका, अंडं शोधा. कढीपत्त्याच्या कोवळ्या शेंड्यावर एकेकटं, फिकट पिवळं, टाचणीच्या डोक्याएवढं गोल. पान तोडून घरात आणायचं, बरणीला वर मलमलचं कापड आणि रबर. उन्हाळ्यात तीन-चार दिवसात अळी निघते, ती आधी हुबेहूब पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, मग हिरवी होते, आणि बोट लावलं तर डोक्यामागून नारिंगी दोन शिंगं बाहेर काढते ज्यांना भयंकर वास येतो. पोरं हे परत परत करतात, अळीला जरा दमाने घ्या सांगा. कोष झाल्यावर बरणी उघड्यावर ठेवायची नाही, गांधीलमाशी तेव्हाच येते.

प्रश्न : पुण्याहून लिहितोय. दोन मुलं, ११ आणि १३. एका मित्राने अमेरिकेतला ख्रिस्ती होमस्कूल अभ्यासक्रम आणून दिला, पुस्तकं सुंदर आहेत, प्रयोग भरपूर आहेत, पण त्यात पृथ्वी सहा हजार वर्षांची आहे आणि उत्क्रांती खोटी आहे असं लिहिलंय. आम्ही विश्वासू कुटुंब आहोत. हे शिकवावं का?

प्रयोग घ्या, वय घेऊ नका. माझं मत विचारलंत म्हणून स्पष्ट सांगते.

सहा हजार हा आकडा बायबलमध्ये कुठेच लिहिलेला नाही. तो वंशावळ्यांची बेरीज करून काढलेला आहे, त्यातला सगळ्यात गाजलेला हिशोब आयर्लंडच्या आर्चबिशप अशर यांचा, १६५० साली छापलेला, त्यांनी निर्मिती इसवीसनपूर्व ४००४ मध्ये बसवली. बेरीज करणारा विद्वान होता, पण बेरीज ती बेरीज. कॅथलिक चर्चचं म्हणाल तर बाराव्या पायस पोपनी १९५० मध्येच उत्क्रांतीचा अभ्यास करायला मोकळीक दिली आणि दुसऱ्या जॉन पॉलनी १९९६ मध्ये ती नुसत्या गृहीतकाच्या पुढे गेलीये असं म्हटलं. विश्व प्रसरण पावतंय आणि त्याला सुरुवात होती ही कल्पना मांडणारे जॉर्ज लेमेत्र बेल्जियमचे धर्मगुरू होते, आणि वाटाण्यावर आनुवंशिकता शोधणारा मेंडेल ऑगस्टीनियन मठातला. प्रोटेस्टंट चर्चेसमध्ये वेगवेगळी मतं आहेत हे मला माहितीये, तुमचे पास्टर वेगळं सांगत असतील तर त्यांच्याशी बोला, पण मुलांना दोन्ही बाजू न दाखवता एक पुस्तक हातात देऊ नका.

आणि पुस्तकांचं राहू द्या, तुम्ही पुण्यात राहता! तुमच्या पायाखाली पुरावा आहे. गाडी काढा आणि कुठल्याही घाटात जिथे रस्त्यासाठी डोंगर कापलाय तिथे, खंबाटकी म्हणा, कात्रज म्हणा, सुरक्षित जागी बाजूला थांबून भिंतीकडे बघा. काळा बसाल्ट, एकावर एक थर, प्रत्येक थर म्हणजे लाव्हाचा एक लोंढा. दोन थरांच्या मध्ये काही ठिकाणी विटेसारखा तांबडा पट्टा दिसतो, कुठे वीतभर कुठे पुरुषभर. मुलांना विचारा हा मधेच लाल कुठून आला. उत्तर असंय की एक लोंढा थंड झाला, मग उन्हापावसात त्याचा वरचा भाग कुजला, माती झाली, आणि मग पुढचा लोंढा येऊन त्या मातीला भाजून गेला. आपल्या अंगणातल्या काळ्या दगडाची माती व्हायला किती वेळ लागेल याचा अंदाज मुलांना करू दे, मग घाटात असे थर किती ते मोजू दे. दख्खनचा हा सगळा प्रकार साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा आहे. दगडात भोकं दिसतील, ते लाव्हातल्या वायूचे बुडबुडे, काही भोकांत पांढरे चमकणारे स्फटिक असतात, झिओलाइट, पुण्याच्या परिसरातले जगभरच्या म्युझियममध्ये ठेवलेत.

घाटात उभं राहून स्तोत्र १०४ (बायबलमधलं निर्मितीचं स्तुतिगीत) वाचलंत तर ते या थरांपुढे खोटं वाटत नाही, उलट मोठं वाटतं. निदान मला तरी.

प्रश्न : टेक्सासमध्ये असतो, मूळचे आम्ही सोलापूरचे. मुलीला (९) घरी शिकवते, चर्चच्या को-ऑपमध्ये (घरी शिकवणाऱ्या कुटुंबांचा एकत्र वर्ग) आठवड्यातून एकदा नेते. इथे सायन्स किती शिकवायचं याचा काही नियम आहे का? आणि भारतातल्या मावसभावंडांबरोबर मिळून काही करता येईल असं सुचवा.

टेक्सासमध्ये होमस्कूलला खाजगी शाळा मानतात, तिथल्या सुप्रीम कोर्टाच्या १९९४च्या निकालात हे पक्कं झालंय. लेखी अभ्यासक्रम हवा आणि त्यात वाचन, स्पेलिंग, व्याकरण, गणित आणि चांगलं नागरिकत्व हे पाच विषय हवेत. सायन्स त्या यादीतच नाही! म्हणून काही घरांत ते राहूनच जातं, तुम्ही तसं करू नका.

मावसभावंडांसाठी एकदम झकास विषय आहे, रुई. तुमच्याकडे मिल्कवीडवर मोनार्क अंडी घालतं, सोलापुरात माळावरच्या रुईवर प्लेन टायगर. दोन्ही फुलपाखरं एकाच डॅनॉस वंशातली, दोन्ही झाडं एकाच घराण्यातली, दोन्हींचा चीक विषारी, आणि तो चीक खाऊन अळ्या स्वतःच कडू होतात म्हणून पक्षी त्यांना सोडतात. अळ्याही पट्ट्यापट्ट्याच्या, बघून बहिणी वाटतील. दोन्हीकडच्या मुलांनी अंड्यापासून रोज फोटो आणि लांबी एकमेकांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची, दोन्हीकडचं तापमानही लिहायचं, मग कोण आधी कोष करतं ते बघा आणि का ते पोरांनाच भांडू द्या. मेक्सिकोहून मोनार्क टेक्सासला मार्चमध्ये येतात आणि ऑक्टोबरमध्ये परत तिकडे जाताना दिसतात, तो हिशोब धरून सुरू करा. नर्सरीत लाल-केशरी फुलांचं ट्रॉपिकल मिल्कवीड मिळतं, तेच आपल्याकडे हळदीकुंकू म्हणून लावतात, ते घेऊ नका, तिथल्या थंडीतही ते हिरवं राहतं आणि मोनार्कवरचा एक परजीवी त्यावर साठत जातो. स्थानिक जातीचं घ्या. आणि सोलापूरच्या मावशीला सांगा रुईचा चीक डोळ्यात जाता कामा नये, पान तोडून झालं की हात साबणाने धुवायचे.

प्रश्न : धर्मशिक्षण आणि सायन्स दोन्हीचे तास घरात वेगळे ठेवावेत की एकत्र? एकत्र केलं की सायन्सचं प्रवचन होतं असं मिस्टर म्हणतात. (नालासोपारा)

मिस्टर बरोबर म्हणतायत. फुलाच्या पाकळ्या मोजून झाल्या की लगेच "बघा देव किती महान" असं म्हटलं की पोरांना कळतं धडा संपला, पुढच्या वेळी ती पाकळ्या न मोजताच तेच वाक्य म्हणतात. पण काही गोष्टी आपल्याच पंचांगात एकत्र आहेत, तिथे वेगळं करायची गरज नाही. ईस्टर घ्या. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा, आणि तिच्यानंतरचा रविवार. राखेच्या बुधवारपासून, म्हणजे ईस्टरच्या साधारण साडेसहा आठवडे आधीपासून, मुलांना रोज संध्याकाळी चंद्र बघून वहीत काढायला सांगा, किती वाजता कुठे दिसला तेही. भिंतीवरचं कालनिर्णय काढा आणि पौर्णिमा शोधा, बहुतेक वर्षी ईस्टर हनुमान जयंतीच्या नंतरचा रविवार निघतो. २०२६ला पौर्णिमा २ एप्रिल आणि ईस्टर ५ एप्रिल. मोठ्या मुलांना २०१९चं कोडं घाला, त्या वर्षी २१ मार्चला सकाळी पौर्णिमा पूर्ण झाली, धुळवड त्याच दिवशी, पण ईस्टर मात्र २१ एप्रिलला आला, एक महिना नंतर! कारण चर्च आकाशातला चंद्र मोजत नाही, जुन्या कोष्टकातला मोजतं आणि त्या कोष्टकात पौर्णिमा २० मार्चला पडली होती. हे कोष्टक आणि १५८२चं कॅलेंडर दुरुस्त करण्यात क्लाव्हियस नावाचे जेझुइट गणिती होते, तेव्हा ४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशी एकदम १५ ऑक्टोबर उजाडला.

तुम्ही समुद्राच्या जवळ आहात तर पवित्र आठवड्यात, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात, राजोडीला नाहीतर कळंबला जा. पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, अष्टमीला भांग, म्हणजे सगळ्यात कमी चढउताराची भरती. कोळी लोकांचा हिशोब आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ येते, म्हणजे अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. मुलांनी वाळूत काठी रोवून हा हिशोब तपासायचा, किती मिनिटांनी चुकतो तेही लिहायचं. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाने कधीतरी विचारलं की गुड फ्रायडेला दुपारी अंधार पडला ते सूर्यग्रहण होतं का, तर वहीतला चंद्र काढून त्यालाच विचारा. येशूला क्रुसावर दिलं ते यहुदी लोकांच्या वल्हांडण सणाच्या वेळी, आणि वल्हांडण पौर्णिमेला असतो, सूर्यग्रहण फक्त अमावास्येला होतं, आणि खग्रास असलं तरी साडेसात मिनिटांच्या पुढे टिकत नाही. मग तो अंधार काय होता हे मात्र धर्मशिक्षणाच्या तासाला.

प्रश्न : नातू १३ वर्षांचा, घरीच शिकतो. बावखलं आणि फुलपाखरं ठीक आहे पण दहावीचं काय? आणि पोलीस वगैरे येतात का हो घरी? (एक आजोबा, विरार)

नाही येत आजोबा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १० मध्ये ६ ते १४ वयाच्या मुलाला शाळेत घालणं पालकांचं कर्तव्य म्हटलंय, पण न घातल्यास पालकांना शिक्षा ठेवलेली नाही. दहावीसाठी एनआयओएस, म्हणजे केंद्राचं मुक्त विद्यालय, १४ वर्षं पूर्ण झाली की दहावीला नाव घालता येतं, परीक्षा वर्षातून दोनदा असते, एप्रिल-मेच्या सुमाराला आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरला. सायन्स घेतलं तर नेमून दिलेल्या सेंटरवर प्रॅक्टिकल होतं आणि घरून सोडवायच्या असाइनमेंट असतात, त्यांनाही मार्क असतात, त्या वेळेत द्या, बरीच मुलं तिथेच मार्क घालवतात. नाव घालायच्या आधी सेंटरला जाऊन विचारा की प्रॅक्टिकल खरोखर करून घेतात की नुसती जर्नलवर सही मिळते. सही मिळते असं ऐकलंत तर दुसरं सेंटर बघा.